आरोप कर्करोगाचा, पुरावा कशाचा?



पाटण तालुक्यात उभं राहून ‘कशामुळे काय झालं’ या प्रश्नावर बोलायचं तर कोयनेला वळसा घालून पुढे जाता येत नाही. १९६२च्या सुमारास कोयना धरणात पाणी साठू लागलं आणि लवकरच खोऱ्यात हादरे जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगर कोसळलं, सुमारे दोनशे माणसं गेली. धरणाच्या पाण्यानंच जमीन हलवली, असं लोक म्हणू लागले. दख्खनचं पठार हा स्थिर भूभाग आहे, ही त्या काळची शास्त्रीय समजूत होती. त्यामुळे पाण्याच्या साठ्यानं एवढा भूकंप व्हावा हे अनेक जाणकारांच्या गळी उतरत नव्हतं. हा वाद घोषणांनी किंवा मोर्च्यांनी मिटला नाही, तो नोंदींनी मिटला. धरणाजवळ भूकंपमापक यंत्रं होती आणि जलाशयाची पातळी नियमित लिहिली जात होती. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. पावसाळ्यात पाणी चढलं की काही काळानं हादरे वाढतात. पाणी किती वेगानं चढलं, किती उंच गेलं आणि किती दिवस टिकलं, याचा हादऱ्यांशी संबंध दिसतो. जगातल्या इतर मोठ्या जलाशयांजवळही तेच दिसलं. पुढे १९८०च्या दशकात वारणेचं धरण भरू लागलं आणि १९९०च्या दशकात हादऱ्यांचं क्षेत्र दक्षिणेकडे वारणेच्या अंगालाही पसरलं. पाण्यानं भूकंप ‘निर्माण’ केला नाही, भूगर्भात आधीच साठलेला ताण मोकळा व्हायला निमित्त दिलं, हा बारकावाही या अभ्यासातूनच आला. आज जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा विषय निघाला की जगभर कोयनेचं नाव पहिलं घेतलं जातं.

मी याला एका संशयाचं ज्ञानात झालेलं रूपांतर मानतो. घटनांचा क्रम ठरलेला होता, मोजमाप होतं, कारण वाढलं की परिणाम वाढतो हे दिसत होतं, आणि दुसऱ्या ठिकाणीही तसंच घडतं का हे तपासता आलं. लोक बरोबर होते. ते बरोबर आहेत हे मोजणीनं ठरलं, त्यांच्या दुःखाच्या तीव्रतेनं ठरलं नाही. आज मला जे मांडायचं आहे ते एवढंच: आपल्या परिसरातल्या एखाद्या कारखान्यावर, फवारणीवर, मनोऱ्यावर किंवा पाण्यावर कर्करोगाचा आरोप ठेवायचा असेल, तर त्यानंही हीच परीक्षा द्यायला हवी. आरोप करणारा आपल्या बाजूचा आहे, त्याचा हेतू शुद्ध आहे, तो बलाढ्य कंपनीशी एकटा लढतो आहे, म्हणून त्याला परीक्षेतून सूट मिळता कामा नये. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. त्यांनी बुवाबाबांना ‘पुरावा काय?’ हा जो प्रश्न विचारला, तो चळवळीतल्या मित्राला विचारायची वेळ आली की आपली जीभ अडखळते. माझ्या मते खरी कसोटी तिथंच लागते.

परीक्षा न देता एखादा आरोप किती दूर जातो, याचं उदाहरणही याच तालुक्यात आहे. वनकुसवडेच्या पठारावर १९९०च्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. पुढे पाऊस कमी झालेल्या वर्षांत सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात बोललं जाऊ लागलं की ही पाती ढग पांगवतात, पाऊस पळवून लावतात. पवनचक्क्या आल्या आणि पाऊस गेला, हा क्रम डोळ्यांसमोर होता, आणि ज्याचं पीक करपलंय त्याला एवढा पुरावा पुरेसा वाटला तर त्याला दोष देववत नाही. पण नंतर काय घडलं? पवनचक्क्या कमी झाल्या नाहीत आणि २००५ साली कृष्णा-कोयनेला महापूर आला. २०१९ साली सांगली पाण्याखाली गेली. जुलै २०२१ मध्ये याच पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं अतिवृष्टीनं डोंगर खचले आणि माणसं गाडली गेली. तेव्हा पवनचक्क्यांनी पाऊस ओढून आणला, असं कुणी म्हटलं नाही. कोरड्या वर्षी आरोप उभा राहतो आणि ओल्या वर्षी त्याची कुणाला आठवणच राहत नाही. खोटा ठरायची शक्यताच ज्यातून काढून टाकली आहे, असा आरोप खराही ठरू शकत नाही.

कर्करोगाबाबत हे शंभर पटींनी अवघड होतं. भूकंप त्या क्षणी कळतो. कर्करोग बहुधा कारणानंतर दहा, वीस, तीस वर्षांनी दिसतो. तोवर माणसानं गाव बदललेलं असतं, पीक बदललेलं असतं, व्यसन लागलेलं किंवा सुटलेलं असतं. अशा वेळी मन जवळचं, दिसणारं आणि परकं कारण पकडतं. सांगलीकडच्या द्राक्षबागांतली फवारणी, उसाला घातलेली रासायनिक खतं, कृष्णेचं मळकट पाणी, शाळेशेजारचा मोबाइलचा मनोरा. आणि हे सगळं एकदम सिद्ध करणारा एक निरोप आपल्यातल्या बहुतेकांच्या मोबाइलवर येऊन गेला आहे: दुधातली भेसळ थांबली नाही तर २०२५पर्यंत ८७ टक्के भारतीयांना कर्करोग होईल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा आहे म्हणे. असा कोणताही इशारा दिला गेलेला नाही, असा खुलासा केंद्र सरकारनं पुन्हा पुन्हा केला. शंभरातल्या सत्त्याऐंशी जणांना एखादा रोग काही वर्षांत गाठेल, हे वाक्य वाचताच थांबायला हवं होतं. ते शिकलेल्या माणसांनी पुढे धाडलं.

आता एक साधं गणित करू, कारण या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा त्यात दडलेला आहे. एखाद्या गावातले कार्यकर्ते सांगतात, ‘आमच्या गावात दहा वर्षांत वीस जणांना कॅन्सर झाला.’ आकडा खरा असतो, नावं खरी असतात, यातनाही खऱ्या असतात. पण वीस हा आकडा मोठा की लहान? भारतात वर्षाला साधारण लाखामागे शंभर नवे रुग्ण सापडतात. २०२२ साली देशभरात १४ लाख ६० हजारांच्या आसपास नवे रुग्ण असावेत असा अंदाज होता. ग्रामीण भागात प्रमाण कमी असतं म्हणून आपण लाखामागे साठच धरू. दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला सव्वाच्या आसपास, म्हणजे दहा वर्षांत बारा नवे रुग्ण अपेक्षित आहेत. कुठलाही कारखाना नको, मनोरा नको, तरी बारा. आता अशी तीनशे गावं घ्या, सगळी सारख्या वस्तीची, सगळीकडे धोका अगदी समान. तरीही प्रत्येक गावात बरोबर बारा निघणार नाहीत. मूठभर ज्वारी अंगणात भिरकावली तर दाणे कुठं दाट पडतात, कुठं विरळ, तसंच इथं होतं. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशेबानं या तीनशेंपैकी सहाएक गावांत केवळ योगायोगानं वीस किंवा त्याहून जास्त रुग्ण निघतील. आणि सहाएक गावांत पाच किंवा त्याहून कमी. वर्तमानपत्राचा प्रतिनिधी पहिल्या सहा गावांत जातो. दुसऱ्या सहा गावांत कुणी जात नाही, आणि तिथल्या हवापाण्याला कर्करोगाचं औषध कुणी म्हणत नाही. शिवाय पहिल्या गावांत वीस जणांचे वीस वेगळे कर्करोग असतात: तोंडाचा, गर्भाशयमुखाचा, स्तनाचा, पोटाचा, रक्ताचा. ही वेगवेगळ्या कारणांची वेगवेगळी दुखणी आहेत. ती एका यादीत लिहिली की यादी लांब होते, पुरावा वाढत नाही.

अमेरिकेत या प्रकारच्या तक्रारींची चौकशी सरकारी यंत्रणा पद्धतशीर करतात. १९९०नंतरच्या अशा ४२८ चौकश्यांचा आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांत तपासलेल्या कर्करोगांपैकी अवघ्या तेरा टक्क्यांत रुग्णसंख्या खरोखरच जास्त असल्याचं दिसलं. त्यातल्या तिनांचा संबंध संशयित कारणाशी जोडता आला, आणि स्पष्ट कारण हाती लागलं ते फक्त एकात. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडची गोष्ट तर आपल्या चळवळींनी मुद्दाम वाचावी. तिथल्या स्त्रियांनी स्तनाच्या कर्करोगासाठी कीटकनाशकांना जबाबदार धरलं, नेटानं आंदोलन केलं, आणि १९९३ साली अमेरिकी संसदेनं कायदा करून अभ्यास करायला लावला. अनेक वर्षं, मोठा खर्च, स्त्रियांच्या रक्ताचे नमुने. २००२ साली निष्कर्ष आले तेव्हा डीडीटीसारख्या कीटकनाशकांचा संबंध सापडला नाही. त्या स्त्रिया लबाड नव्हत्या. त्यांनी तपासणी मागितली ती योग्यच मागितली. उत्तर मात्र त्यांना हवं ते आलं नाही.

आपल्याकडे पंजाबच्या ‘कॅन्सर ट्रेन’चं चित्र फार खोल रुतलं आहे. भटिंड्याहून बिकानेरला जाणारी गाडी, तिच्यात कर्करोगाचे रुग्ण, आणि त्यामागे कापसावरची फवारणी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही परिसंवादात हे उदाहरण येतंच. पण गाडीत रुग्ण दिसतात त्याचं एक साधं कारण असं की बिकानेरच्या सरकारी कर्करोग रुग्णालयात उपचार स्वस्त मिळत होते. पुढे चंदीगड, मोहाली, संगरूर आणि मानसा इथं कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा माळव्याच्या कापूसपट्ट्यातल्या संगरूर-मानसामधलं प्रमाण चंदीगड-मोहालीपेक्षा कमी निघालं. आपल्या राज्याकडे पाहा. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, आणि नंतर उस्मानाबाद-बीडचीही झाली. २०१२ ते २०१६ या काळात, वयातला फरक काढून टाकून केलेल्या हिशेबात पुरुषांतलं प्रमाण देशात सर्वात कमी होतं ते उस्मानाबाद-बीडमध्ये, लाखामागे ३९.५. सर्वात जास्त मिझोराममधल्या ऐझॉलमध्ये, लाखामागे २६९.४. मिझोराममध्ये मोठे कारखाने नाहीत, फवारणीचा जोरही आपल्यासारखा नाही. तंबाखू मात्र २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत तिथल्या प्रौढांपैकी ५८.७ टक्के वापरत होते. रसायनांचा सिद्धांत जिथं रुग्णांचा ढीग सांगतो तिथं तो नाही, आणि जिथं काही सांगत नाही तिथं आहे.

इथं आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मराठवाड्यातला गरीब माणूस तपासणीशिवायच मरतो, त्याचा कर्करोग कागदावर येतच नाही, मग कमी आकड्याचा भरवसा काय धरायचा? निदान हुकतं हे खरं आहे. म्हणूनच बार्शीच्या नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयाच्या कागदांवर थांबत नाहीत, गावोगाव जाऊन विचारपूस करतात. आणि हुकलेल्या निदानानं थोडाफार फरक समजू शकतो. जवळजवळ सात पटींचा फरक एवढ्यानं भरून निघत नाही. दुसरं असं की आकडे अपुरे आहेत ही तक्रार दोन्ही बाजूंना लागू होते. नोंदणी अपुरी म्हणून ‘धोका नाही’ हे सिद्ध होत नसेल, तर त्याच अपुऱ्या नोंदणीवरून ‘धोका आहे’ हेही सिद्ध होत नाही. राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या २०२०च्या अहवालात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड आहेत. सातारा नाही, सांगली नाही. ज्या जिल्ह्यांत कर्करोग मोजला जात नाही तिथं तो वाढला असं छातीठोक सांगणाऱ्यानं आधी मोजणीसाठी उपोषणाला बसावं. त्या मंडपात मीही येऊन बसेन.

मोबाइलच्या मनोऱ्यांबद्दल थोडक्यात. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओलहरींना ‘२ब’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं, आणि ‘जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं’ असे फलक लागले. हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात. धोका किती मोठा आहे ते सांगत नाहीत. त्याच ‘२ब’मध्ये कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे, लोणच्यासारख्या आंबवलेल्या आशियाई भाज्या आहेत. कॉफीही होती, २०१६ साली ती काढली. २०१२च्या १ सप्टेंबरपासून भारतातली मनोऱ्यांच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेल्या २०२४च्या आढाव्यात मोबाइलच्या वापराचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. आणि मनोरा गावाबाहेर हाकलला की हातातला फोन सिग्नल धरण्यासाठी जास्त ताकदीनं लहरी सोडतो, तोही कानाला लावलेला. डोंगरदऱ्यांतल्या वाडीवर रात्री सर्पदंश झाला तर रेंज असणं-नसणं जीवावर बेततं, हे पाटणकरांना मी सांगायला नको.

फवारणीचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे, आणि तिथं मला चळवळीशी भांडायचं आहे ते वेगळ्या कारणानं. काही कीटकनाशकं खरोखरच कर्करोगकारक आहेत. लिंडेन २०१५ साली पहिल्या, म्हणजे सिद्ध झालेल्या गटात गेलं. त्याच वर्षी ग्लायफोसेट या तणनाशकाला ‘बहुधा’ असा शिक्का मिळाला. पण अमेरिकेतल्या ५४ हजारांहून अधिक फवारणी करणाऱ्यांचा वर्षानुवर्षं माग ठेवणाऱ्या अभ्यासात, २०१८ साली, ग्लायफोसेट आणि एकूण कर्करोग यांचा संबंध दिसला नाही. ही माणसं औषध हाताळणारी होती, द्राक्षाच्या घडावरच्या अंशापेक्षा कितीतरी जास्त रसायन त्यांच्या अंगावर येत होतं. मात्रा हा या शास्त्राचा कणा आहे, आणि आपल्या भाषणांतून नेमकी तीच गळून पडते. आता दुसरी बाजू. २०१७ साली यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजूर विषबाधेनं रुग्णालयात गेले, वीसहून जास्त मेले. तिथं कुठल्याही संभाव्यतेचा हिशेब लागत नव्हता. तोंडाला फडकं बांधून, उघड्या हातांनी, उंच वाढलेल्या कपाशीत मिश्रणं मारताना माणसं त्याच आठवड्यात दगावली. हातमोजे, मुखवटे, विक्रेत्याची जबाबदारी, तालुक्याच्या रुग्णालयात उतारा आणि अतिदक्षतेची सोय, ही मागणी आजच्या आज करता येते आणि तिला एकही शास्त्रज्ञ विरोध करणार नाही. ‘द्राक्ष खाल्लं की कॅन्सर’ या आरोळीत बागेत पंप घेऊन उभा असलेला मजूर दिसेनासा होतो. मला याचा राग येतो.

आणि असाच दिसेनासा होतो तो आपल्या घरातला तंबाखू. मिश्री कशी करतात हे इथं प्रत्येकाला ठाऊक आहे. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरून बारीक पूड करायची, छोट्या डबीत भरायची. सकाळी दात घासायला म्हणून बोटावर घ्यायची, हिरडीला चोळायची, तोंडात धरायची. मग दुपारच्या कामानंतर, मग पोटात दुखलं म्हणून, मग सवयीनं. दुकानातून आणलेली नाही, कंपनीची जाहिरात नाही, आजीनं शिकवलेली. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूर ओढणारे अवघे ३.८ टक्के, बाकी बहुतेक खाणारे-लावणारे. स्त्रियांमध्ये सतरा टक्के. या बाबतीत पुरावा बाहेरून आयात केलेला नाही. मुंबईत वसंत खानोलकरांनी १९४०च्या दशकात कर्करोग आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध शोधायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यात १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली आणि तोंडातले कर्करोगपूर्व पांढरे चट्टे तंबाखूच्या सवयीशी जोडून दाखवले. तो अहवाल १९७२चा आहे. एक लाख माणसांची तोंडं! २०२०च्या अंदाजानुसार देशातल्या कर्करोगांपैकी २७ टक्के तंबाखूशी निगडित अवयवांचे. नुसती सुपारीसुद्धा २००४पासून सिद्ध कर्करोगकारकांच्या यादीत आहे. मनोऱ्याविरुद्ध तहसील कचेरीवर मोर्चा नेताना मोर्च्यातल्या किती खिशांत पुडी असते, हा प्रश्न मी कुणाला खिजवायला विचारत नाही. आपली ताकद कुठं खर्च होते आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

यावर मला सर्वात जास्त अस्वस्थ करणारा आक्षेप असा: ‘पुरावा दाखवा, पुरावा दाखवा’ हे तर सिगारेट कंपन्याही म्हणत होत्या. संशय पेरून त्यांनी काही दशकं काढली आणि तेवढ्यात लाखो माणसं मेली. तुमची ही शंका उद्या एखाद्या कारखानदाराच्या वकिलाच्या तोंडी जाणार नाही का? जाईल. पण कंपन्यांचा खोटेपणा उघडा पाडला कशानं? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली सुमारे चाळीस हजार ब्रिटिश डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाबद्दल विचारलं आणि ते कशानं मरतात याची नोंद ठेवत गेले. कंपन्यांना हरवलं ते या नोंदवहीनं. कंपन्या पुरावा मागत होत्या आणि समोर आला की नाकारत होत्या. लबाडी त्या नाकारण्यात होती. पुरावा मागणं सोडून दिलं तर उद्या कारखानदार सांगेल ते आणि आपण सांगू ते यांत निवड करायला काही उरणारच नाही, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरेल. तो आवाज गरिबाचा असणार नाही.

असाही प्रश्न येतो की शंभर टक्के खात्री होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? नाही. मोठी संख्याच हवी असाही माझा हट्ट नाही. १९७४ साली अमेरिकेत केंटकीमधल्या एका प्लास्टिक कारखान्यात यकृताच्या अत्यंत दुर्मीळ कर्करोगाचे मोजकेच कामगार सापडले, आणि व्हिनाइल क्लोराइडवर ठपका ठेवायला ते पुरले, कारण तो रोग एरवी दिसतच नव्हता. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांचा मूत्राशयाचा कर्करोग जर्मनीत १८९५ साली असाच लक्षात आला. अ‍ॅस्बेस्टॉसचं विष कामगारांच्या फुप्फुसांतूनच कळलं. बाहेरच्या हवेतलं प्रदूषण २०१३पासून सिद्ध कर्करोगकारक आहे. पर्यावरणातून कर्करोग होतच नाही, असं मी मुळीच म्हणत नाही. डॉल आणि पेटो यांनी १९८१ साली अमेरिकेपुरता प्रदूषणाचा वाटा दोन टक्के आणि व्यवसायाचा चार टक्के धरला होता. ते आकडे कमी आहेत असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि आपल्या देशात ते जास्त असण्याची शक्यता मला वाटते. पण यातली बहुतेक सत्यं सापडली ती जिथं संपर्क सर्वात जास्त तिथं, म्हणजे कामगाराच्या शरीरात. आपली चळवळ मात्र गावात शोधते आणि कारखान्याच्या फाटकात क्वचित जाते.

मुळात प्रदूषणाशी लढायला कर्करोगाची गरजच काय? २०२३च्या मार्चमध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. नदीत मळी किंवा सांडपाणी सोडणं हा गुन्हा आहे, कुणाला गाठ आली की नाही यावर तो अवलंबून नाही. दूषित पाण्यानं कावीळ होते, गॅस्ट्रो होतो, लहान मुलं दगावतात. चुलीच्या धुरानं बाईच्या छातीचा भाता होतो. हे आजार कुणी नाकारत नाही. पण ‘कॅन्सर’ या शब्दाला गर्दी जमते, म्हणून पक्क्या गुन्ह्यावर कच्चा आरोप चढवला जातो. मग न्यायालयात कंपनीचा तज्ज्ञ तो कच्चा आरोप एका दुपारी खोडून काढतो, आणि त्याच्याबरोबर मासे, कावीळ, मळी हे सगळं वाहून जातं. कर्करोगाचा निराधार दावा प्रदूषण करणाऱ्याला सुटायची वाट देतो. माझा सर्वात मोठा विरोध इथं आहे. गावावर ‘कॅन्सरचं गाव’ असा शिक्का बसला की तिथल्या मुलींची लग्नं अडतात, भाजी विकली जात नाही, हे वेगळंच. आणि सगळीकडे विष आहे असं एकदा ठसलं की माणूस पुडी सोडायचं कारणच गमावून बसतो.

या मातीत, याच भाषेत झालेलं एक काम सांगतो. उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ साली ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. काही गावांतल्या बायकांची त्या विषाणूची आयुष्यात एकदाच चाचणी केली. आठ वर्षांनी पाहिलं तर चाचणी न झालेल्या गटात या रोगानं ६४ जणी गेल्या होत्या, चाचणीच्या गटात ३४. दुसऱ्या गटाला चाचणी का दिली नाही, यावर पुढे नैतिकतेचा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण निकाल समोर आहे: एका चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. २०२२ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या एचपीव्ही लशीला मान्यताही मिळाली. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीतल्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्क्यांहूनही कमी होत्या. तोंडाची तपासणी झालेल्या एक टक्क्याहून कमी. तोंड तपासायला बॅटरी आणि शिकवलेला डोळा लागतो, दोन मिनिटं लागतात. तिशीपुढच्या प्रत्येकाची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रानं करावी अशी सरकारी योजना कागदावर आहेच. पाटण तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रानं गेल्या वर्षी किती तोंडं पाहिली, किती जणींची चाचणी केली, पांढरा चट्टा सापडलेल्यांपैकी किती जण कऱ्हाडला किंवा मुंबईला पोहोचले, हे आकडे दर तिमाहीला केंद्राच्या फळ्यावर आणि ग्रामसभेत लागले पाहिजेत. या सभागृहातून निघून त्यासाठी आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाणारं पहिलं शिष्टमंडळ याच आठवड्यात जाऊ शकतं.